पिस्तुलाला कुंकू

दसऱ्याच्या सकाळी नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या एका घरात मंजूषा गुणगुणत होती. ओव्या तिनेच रचलेल्या.

"पहिलं कुंकू विळीला, हिरव्या मेथीच्या मैत्रिणीला... दुसरं कुंकू लॅपटॉपला, भाकर देणाऱ्या भावाला..."

तिसरं कुणाला, ते तिचा नवरा हरिहर आंघोळ करून आला तेव्हा कळलं. पाटावर विळी, लॅपटॉप, सायकलची किल्ली आणि मधोमध, झेंडूच्या मखरात, त्याचं पिस्तूल!

जुन्या काळी टपालाच्या बोटींवरचे पहारेकरी कोटाच्या खिशात बाळगत, तसल्या तळहाताएवढ्या पिस्तुलाची ही हुबेहूब नक्कल. ऑफिस सांभाळून हरिहरने सहा महिने घासून घडवलेली. नळी भरीव, गोळी सुटायची नाही. गावच्या संग्रहालयाला ती मुलांना हाताळायला द्यायला हवी होती. त्याच्या आधीच्या दोन नकला संग्रहालयाच्या मारिकेबाईंनी परत केल्या होत्या. आज शेवटची संधी, नाहीतर कारखान्यातलं तयार पिस्तूल येणार. असली वस्तू घेऊन रस्त्यावर फिरणं बरं नव्हे, म्हणून बाई स्वतःच अकराला घरी येणार होत्या.

"मंजू! मुठीला अजून तेल लावलं नव्हतं गं! कोरं लाकूड आहे ते!"

"मग? शस्त्रपूजा शस्त्राची नाही करायची, तर काय टोस्टरची?"

हरिहरने पुसलं, धुतलं, लिंबू चोळलं. अक्रोडाच्या लाकडाने हळदकुंकू असं पिऊन घेतलं होतं की मूठ लग्नातल्या करवलीसारखी नटून बसली. आणि घंटी वाजली.

मारिकेबाई उंच, गंभीर. पिस्तूल हातात घेऊन त्यांनी भुवया चढवल्या. "हे लाल काय?"

मंजूषा पुढे झाली. "आज आम्ही हत्यारांचे आभार मानतो. वर्षभर राबतात बिचारी."

"माझ्या पिस्तुलाचा समारंभ झाला आणि मला आमंत्रण नाही?"

बाईंनी घोडा ओढला. टक्! पुन्हा ओढला. टक्! चाप दाबला, नळीत डोकावल्या, मग पिस्तूल कोटाच्या खिशात सोडलं आणि खोलीभर अशा ऐटीत चालल्या, जणू टपालाची बोट त्यांच्याच भरवशावर निघाली आहे.

"मूठ दुसरी बसवा," पिस्तूल परत पाटावर ठेवत त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत. बाकी काही बदलायचं नाही. हेच ठेवणार आम्ही."

"हेच?"

"हेच. कारखान्याला आजच नकार कळवते."

दार लागलं, आणि हरिहरने मंजूषाला उचलून गरागरा फिरवलं. झेंडू उधळले, विळी कलंडली.

"अरे, ठेव मला खाली! खिडकीला पडदा नाही आपल्या! समोरची आजी बघतेय!"

समोरच्या आजीने कॉफीचा कप बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, हरिहरने आणखी एक गिरकी घेतली.