श्रीरंगच्या पोटावरचं लिंबू

रविवारी सकाळी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर बावीस वर्षांचा श्रीरंग उताणा पडला होता. त्याच्या उघड्या पोटावर लिंबू होतं आणि ते चक्क उडत होतं. टुण, टुण, टुण. शेजारणी हात जोडून उभ्या होत्या.

"धरण खिसक गई है बेटे की," पोट चोळून आजार घालवणाऱ्या नाभीबाबांनी निदान केलं.

दिल्लीत धरण म्हणजे बेंबीतली नाडी. ती सरकली की माणूस आजारी पडतो, अशी समजूत. मराठीत धरण म्हणजे पाणी अडवणारी भिंत. श्रीरंगच्या मोठ्या बहिणीला, विज्ञान शिकवणाऱ्या वीणाला, तोच अर्थ आठवला: भिंत, फुटू शकणारी. सर्जन म्हणाले होते, "पोटातली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय. या वयात क्वचितच होतं. फुटायच्या आत तेवढा भाग काढून नळी जोडू." मंगळवारची तारीखही मिळाली होती.

बाबांनी अंगठ्याने पोट रगडलं आणि सरकलेल्या नाडीला देवी मानून हुकूम सोडला. "चल माई, अपने घर चल!" जणू माई रिक्षासाठीच खोळंबली होती. मग त्यांनी पुन्हा लिंबू ठेवलं. ते हललं नाही. जयजयकार झाला.

"मंगळवारचं कॅन्सल!" वडील, दिनकरराव, डोळे पुसत म्हणाले. "पोट फाडायची गरजच नाही."

"अप्पा, लिंबू चार बोटं बाजूला ठेवलंय त्यांनी!" वीणाने ते उचलून पहिल्या जागी ठेवलं. टुण. "बघा! दर ठोक्याला रक्त फुग्यात शिरतं, म्हणून लिंबू उडतं. आणि तो फुगा हे दाबतायत!"

"लड़की ने छू दिया, माई रूठ गई," बाबा म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. अप्पांनी वीणाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि ऑपरेशन रद्द करायला हॉस्पिटलला फोन लावला.

गुरुवारी जेवता जेवता श्रीरंग कळवळून आडवा झाला. हॉस्पिटल गाठेपर्यंत फुगा फुटून बरंच रक्त पोटात सांडलं होतं. तरी सर्जननी प्रयत्न केले. तो टेबलावरच गेला.

पुढच्या रविवारी बाबांच्या दाराशी नेहमीसारखी रांग होती. अप्पा रांगेतल्या एकेकाला हिंदीत विनवत होते, "पोटात ठोके देणारी गाठ दाबू नका. डॉक्टरला दाखवा, त्यांना प्रश्न विचारा, पण इथे येऊ नका."

"बेचारे का बेटा माई ले गई," कुणीतरी हळहळलं.

"माईने नाही नेला," अप्पा म्हणाले. "मंगळवारी मी त्याला घरी ठेवला."

वीणाने त्यांचा हात धरला. रांग पुढे सरकली.