छातीत आवळणारा शर्ट

शिंप्याच्या दुकानात खुंटीवर एक निळा शर्ट दोन वर्षं लटकत होता. गिऱ्हाईक विचारायचं, "हा कुणाचा?" शिंपी म्हणायचा, "येणार आहेत न्यायला." येणार कोण, कपाळ! शर्ट त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाचा होता.

दादा आधी गोदामात पोती वाहायचा. मग यंत्रं आली आणि मालकाने त्याला खुर्चीवर बसवलं, बारा तास यंत्रांच्या पडद्याकडे डोळे लावून. घरचे खूश, बढती मिळाली म्हणे! कँटीनमध्ये आठवडाभर उकळलेल्या तेलातलं तळण आणि मिठाने माखलेल्या वेफर्सची पाकिटं, कारण फळांपेक्षा तीच स्वस्त. डुलकी लागू नये म्हणून तंबाखू. दवाखान्यातलं रक्तदाबाचं यंत्र तीन वर्षं बंद. कुणी काही बोललंच तर दादाचं उत्तर तयार, "हार्टचा रोग बंगलेवाल्यांना होतो रे. आपल्याला कुठला!"

एका सकाळी दादा दुकानात आला. "छातीत आवळतंय. शर्ट जरा सैल कर."

शिंप्याने टेप हातातसुद्धा घेतली नाही. "खा अजून!" म्हणून हसला, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, शर्ट सैल करून दिला. तिसऱ्या दिवशी दादा खुर्चीतच गेला. इस्पितळाने शर्ट पिशवीत घालून परत दिला. लोक म्हणाले, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं!

तेव्हापासून मशीन थांबली की शिंप्याला पाठीमागे धाप लागल्यासारखा श्वास ऐकू यायचा. वळून बघावं तर शर्ट. पंखा बंद, तरी बाही हलत असायची.

आज दुपारी पुतण्या आला. सव्वीस वर्षांचा, काटकुळा, बापाच्याच जागेवर लागलेला.

"काका, हा अंगातला शर्ट छातीत आवळतो. सैल करून द्या ना."

शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली. "कधीपासून?"

"चार दिवस. जिना चढलं की जास्तच. अहो, असे काय बघताय, भूत बघितल्यासारखे?"

"हात वर कर."

टेप फिरली. छाती चौतीस. शर्ट चाळीस. पोराच्या अंगावर तो पोत्यासारखा लोंबत होता. शिंप्याने पुन्हा मोजलं. मागे श्वास चालू होता.

"शर्टाचं काही चुकलेलं नाही. चल, मोठ्या इस्पितळात."

"आत्ता? शिफ्ट आहे माझी! मुकादम खाडा लावेल."

"लावू दे. तुझ्या बापाने जन्मात एक खाडा केला नाही. काय मिळालं? तो गेल्यावर चौथ्या दिवशी त्याच खुर्चीत तुला बसवलं!"

पुतण्या हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. पायरी उतरताना तो थबकला. "काका... जरा थांबा."

शिंप्याने त्याला खांद्याला टेकवून धरलं. दुकान उघडंच टाकून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि येणाऱ्या गाडीला मोकळ्या हाताने अडवू लागला. कानाशी तोच श्वास होता. पण या वेळी तो मागून येत नव्हता. खांद्यावर टेकलेल्या पोराचा होता.