आतली कडी

माझी मुलगी तेरा वर्षांची झाली आणि तिने माझ्याकडे काय मागावं? कडी. खोलीच्या दाराला, आतून.

मी सुतार आहे. बावीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवतोय, कड्या तर विचारूच नका. पण आपल्याच घरात, आपल्याच मुलीने, आपल्यालाच बाहेर ठेवायला आपल्याच हातची कडी मागावी म्हणजे हद्द झाली. मी रंधा खाली ठेवला आणि म्हणालो, "कशाला? आत काय सोनं पुरून ठेवलंयस?"

"बाबा, प्लीज," एवढंच म्हणाली. पूर्वीची असती तर दहा कारणं दिली असती.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. घराखालीच माझं वर्कशॉप. शाळेतून आली की दप्तरासकट तिथे यायची, फळ्यांच्या ढिगावर बसायची आणि तोंडाचा पट्टा सुरू. कोण कोणाशी भांडलं, बाईंनी कोणाला उभं केलं, कोणाच्या डब्यात मुंगी निघाली. नऊ वर्षांची असताना स्क्रू लाकडात नीट बसला की नाही हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत सुटायचो. आणि गेल्या वर्षभरात काय झालं कोण जाणे, तोंडाला कुलूप. "कशी होती शाळा?" "बरी." "काय शिकवलं?" "नेहमीचंच." खाली येणंही बंद. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. आणि रागाच्या खाली नुसतं वाईट वाटायचं.

बायको पोस्टात काम करते, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे माझी तिला काही वाटत नाही. "अहो, वयच आहे ते," ती म्हणाली. "त्या वयात तुम्हाला नव्हतं वाटलं, आपलं आपण असावं म्हणून?"

"माझ्या वेळी दार लावायला खोलीच नव्हती!"

"मग आता आहे ना? द्या की कडी."

खोली भिंगरीची आणि तिच्या धाकट्या भावाची मिळून. तो नऊ वर्षांचा, त्याला आम्ही वकील म्हणतो. जगात नियम नसेल तिथे नियम करायचा आणि असेल तिथे तो दुसऱ्याने मोडला की बोंब मारायची, हा त्याचा धंदा. त्याने ताबडतोब कागद काढला. संध्याकाळी पाच ते सहा ताई, सहा ते सात तो. आपापल्या वेळेत कडी लावता येईल. बाहेरच्याने दार वाजवायचं, आतून 'ये' म्हटल्याशिवाय आत जायचं नाही. हे सगळ्यांना लागू. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, बाबा." चौघांच्या सह्या घेतल्या. मीही केली.

आणि मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कडी बसवली, चकचकीत, नवी. पण तिचं टोक चौकटीत जिथे शिरतं, ते भोक चांगलं इंचभर खोल पाडायला हवं. मी पाडलं जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच. आतून बघणाऱ्याला कडी लागलेली दिसते. बाहेरून मूठ जरा वर उचलून खांदा दिला की टोक निसटतं आणि दार उघडतं. मनाला समजावलं, चार वर्षांची असताना ही बाथरूममध्ये अडकली होती, तेव्हा दार तोडावं लागलं होतं. तसं काही झालं तर? पण ते निमित्त. खरं कारण एवढंच की मला बाहेर राहायचं नव्हतं.

आठवडा बरा गेला. मग एके दिवशी साडेपाचच्या सुमारास मी पाणी प्यायला वर आलो. बायको अजून यायची होती, वकीलसाहेब बाहेरच्या खोलीत नकाशा रंगवत होते. आणि बंद दारामागून मला आवाज आले. एक नाही, दोन. एक भिंगरीचा. दुसरा निराळाच, नाकातला. मध्येच हसणं. बोलणं काही नीट कळेना. फोनवर असेल म्हणावं, तर घरातला फोन समोर टेबलावर चार्जिंगला लावलेला.

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या खोलीत, कडी लावून, कोण आहे?

"बाबा, दार वाजवायचं!" वकील ओरडला. मी मूठ उचलली आणि खांदा दिला.

आत कोणी नव्हतं. भिंगरी एकटीच कपाटाच्या आरशासमोर उभी होती, एक हात खुर्चीच्या पाठीवर. ओठांवर अर्धं वाक्य होतं, "मी इथे बसले तर..." मला बघून ते तिथेच मेलं. कानापर्यंत लाल झाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराच्या कडेला बाहेर आलेल्या कडीकडे. जवळ आली. चौकटीतल्या भोकात करंगळी घातली.

"दोन सूत," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या हातून असं चुकून होत नाही."

आयुष्यात कोणी माझ्या कामाचं इतकं कौतुक केलं नसेल आणि इतकं झोंबलंही नसेल. वकिलाने सह्यांचा कागद आणून माझ्या हातात दिला. त्याचा चेहरा असा की न्यायावरचा विश्वासच उडालाय.

तीन दिवस ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. शेवटी बायकोने मला बाजूला घेतलं. भिंगरीची एकुलती एक मैत्रीण वर्षापूर्वी गाव सोडून गेली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत पाच मुलींचा एक बेंच आहे, तिथे बसू का म्हणून विचारायचं हिचं धाडस होत नाही. डबा नळाजवळ उभ्याने खाते. सगळी शाळा आपल्याकडेच बघतेय असं तिला वाटतं. म्हणून आरशासमोर घोकत होती. आपलंही बोलायचं आणि बेंचावरच्या मुलीचंही.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"शाळेत जाऊन त्या पोरींना चांगलं..."

"म्हणूनच."

माझी बडबडी पोर वर्षभर नळाजवळ उभी राहून जेवत होती, आणि मी इथे ती मला गोष्टी सांगत नाही म्हणून रुसून बसलो होतो. वर तिने घट्ट बंद करायला मागितलेली एकच जागा मी फितूर करून ठेवली होती.

रविवारी पाच वाजता मी ड्रिल घेऊन तिच्या दाराशी गेलो. दार वाजवलं. 'ये' म्हणण्याची वाट बघत खाली जमिनीवर बसलो. स्वतःच केलेल्या दाराशी बोलायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

"मी मुद्दाम केलं," मी म्हणालो. "तू आत गेलीस की मला परक्यासारखं वाटायचं. पण तो माझा प्रश्न झाला. तुझ्याशी फसवाफसवी करायला नको होती. चुकलो मी. भोक खोल करून देतो. नाहीतर ड्रिल इथे ठेवून जातो, तुला येतं."

साडेपाच वाजून गेले. मग दार उघडलं. तिने माझ्या हातातून ड्रिल घेतलं आणि स्वतः भोक पाडलं, सरळ, एका दमात. भुसा मी फुंकला. कडी टोकापर्यंत आत गेली. मी ड्रिल उचलून निघालो.

"थांबा," ती म्हणाली. तिने दार लावलं. मी आतच होतो. "खुर्चीवर बसा. तुम्ही ती व्हा."

"कोण ती?"

"बेंचावरची. मधली. बाकीच्या तिचंच ऐकतात."

नव्वद किलोचा मी त्या छोट्या खुर्चीत कसाबसा मावलो. तिने दोन पावलं मागे जाऊन श्वास घेतला, पुढे आली. "मी इथे बसले तर चालेल?"

"बस की, बाळा! विचारायचं काय त्यात!"

"बाबा! ती मला बाळा म्हणेल का?" आणि ती हसली. किती महिन्यांनी हसली! मग गंभीर झाली. "हो म्हटलं तर काय करायचं ते येतं मला. बसायचं. तुम्ही नाही म्हणा."

गिऱ्हाइकांना, लाकूडवाल्याला, सख्ख्या भावाला मी तोंडावर नाही म्हणतो. पण ती डबा हातात असल्यासारखी समोर उभी होती आणि मला ते म्हणवेना.

"नाही जमत गं मला."

"आरशाला जमत नाही म्हणून तर तुम्हाला बसवलंय."

दारावर थाप पडली. "सहा वाजले! आता माझी वेळ!"

"थांब!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मी जमिनीकडे बघत म्हणालो, "नाही. जागा धरलीय."

तिचा चेहरा उतरला. खरोखरच उतरला. मी खुर्चीतून अर्धा उठलो, पण तिने तळहात पुढे करून मला बसवलं.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या विचारेन." आणि वळून खिडकीपर्यंत गेली, पाठ ताठ ठेवून, अजिबात घाई न करता. परत आली तेव्हा मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होतो.

"बाबा, ती रडणार नाहीये," भिंगरी म्हणाली. "आता पुन्हा. आणि या वेळी माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणा."