मी झोपाळू नव्हतो हो!

मी माऊस बोलतोय. कंप्युटरचा. दिल्लीच्या द्वारका भागात, एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, कर्णिकांच्या घरी माझं आयुष्य गेलं. आता जायची वेळ आली आहे, तर माझ्यावरचा एक जुना आळ तेवढा धुऊन टाकावा म्हणतो. लोक म्हणत, कर्णिकांचा माऊस झोपाळू आहे. साफ खोटं आहे ते.

माझा जन्म चीनचा. आईबाप आठवत नाहीत. एक सरकता पट्टा आठवतो, त्यावरून आम्ही हजारो भावंडं चाललो होतो. त्यानंतरचं आठवतं ते थेट दिल्लीचं नेहरू प्लेस, कंप्युटरचा मोठा बाजार. साल २००६. तिथल्या एका दुकानात दीनानाथ कर्णिकांनी मला उचललं, उलटं केलं आणि माझ्या पोटातला लाल दिवा पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"ये लाइट किसलिए?"

"साहब, नया माल है. इसमें गोली नहीं, लाइट से चलता है. सफाई का झंझट खतम."

"बिजली कितनी खाता है?"

दुकानदाराने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पिशवीत घातलं.

दीनानाथ हे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले सेक्शन ऑफिसर. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढून ते द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आले होते. माणूस देवमाणूस, पण दिवा जळताना दिसला की जीव कासावीस. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे बघायला त्यांनी एकदा दाराच्या फटीला डोळा लावून अर्धा तास काढला होता. तो अर्धा तास दार उघडंच होतं.

त्यांची बायको इंदुमतीबाई. नागपूरला मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, मग लग्न, मग दिल्ली, मग मुलगा यतीन. तो बंगलोरला नोकरीला लागला आणि त्याने आईला कंप्युटर घेऊन दिला. चोपन्नाव्या वर्षी बाई टायपिंग शिकल्या. त्यांचा हात माझ्यावर पहिल्यांदा पडला तेव्हा त्याला फोडणीचा वास होता. मला तो फार आवडला.

पहिला आठवडा छान गेला. मग एके दुपारी दीनानाथांनी चष्मा लावला आणि कंप्युटरमध्ये वीज कुठे कुठे वाचवता येते ते शोधायला बसले. तीन दुपारी बसले. हे एक मिनिटात बंद, ते तीन मिनिटांत बंद. उठले तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान, जणू भाक्रा-नांगल धरण त्यांनीच बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून मला घेरी येऊ लागली.

बाई माझ्यावरून हात काढायच्या, छताकडे बघत एखादा शब्द आठवायच्या, आणि तेवढ्यात कंप्युटर मला दरडावायचा, "काम नाही ना? मग झोप!" मी ओरडायचो, "अरे, बाई विचार करतायत!" पण त्याला वरून हुकूम होता. पोटातला दिवा विझायचा. बाईंनी परत हलवलं की मी जागं व्हायला हवं होतं, पण तेवढं त्राणच राहत नसे. मग दीनानाथ गुडघे धरत टेबलाखाली शिरायचे, कंप्युटरच्या डब्यामागची माझी वायर उपटून परत खोचायचे, आणि बाहेर येताना न चुकता टेबलावर डोकं आपटायचे.

उपाय पुष्कळ झाले. दीनानाथांनी मला चापट्या मारल्या. शेजारच्या कुमुदताई म्हणाल्या, "नजर लागलीय हो, नवीन वस्तूला लागतेच." त्यांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. चार मोहऱ्या माझ्या चाकात शिरल्या आणि पुढे दोन दिवस पान वर सरकवलं की करकर वाजायचं.

अशात बाईंची परीक्षा आली. नोएडात वृंदा राजे यांचं भाषांतराचं छोटं ऑफिस होतं. बाजारात तेव्हा रोज नवं यंत्र येत होतं आणि प्रत्येक यंत्राला मराठीत माहितीपुस्तक हवं होतं. वृंदाताईंनी फोनवर सांगितलं, "सकाळी दहाला मजकूर पाठवते. चारपर्यंत परत हवा, बिल्कुल चारपर्यंत. जमलं तर काम तुमचं."

मजकूर मिक्सरच्या पुस्तकाचा होता. बाई भराभर लिहीत होत्या, पण मध्येच थांबायच्या. "पातं" लिहावं की "ब्लेड"? थांबल्या की मी गारद. अकरा वाजेपर्यंत दीनानाथांचं डोकं चारदा आपटलं. पाचव्यांदा टेबलाखालून आवाज आला, "तू विचार करणं थांबव ना जरा!"

"विचार न करता भाषांतर कसं करू?"

मग तोड निघाली. बाईंनी विचार करायचा आणि तेवढा वेळ दीनानाथांनी शेजारी बसून मला डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, पाळण्यातल्या बाळासारखं. एक तास हा पाळणा चालला. दीनानाथांना डुलकी लागली, बोट भलतीकडे दाबलं गेलं, आणि अडीच पानं गायब. बाईंनी डोळे पुसले आणि त्या पहिल्या ओळीपासून परत लिहायला लागल्या.

तीन वाजता त्या पाणी प्यायला उठल्या. आल्या तर खोलीतला पंखा बंद, दिवाही बंद. आत मी एकटा, आणि अर्थात मीही बंद.

"अहो, पंखा कोणी घालवला?"

"मी. तू नव्हतीस ना खोलीत."

"दोन मिनिटं उठले होते!"

"दोन मिनिटांची का होईना, वीज ती वीज."

बाई दारातच उभ्या राहिल्या. थांबत चाललेल्या पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग नवऱ्याकडे.

"अहो," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "या कंप्युटरला तुम्ही तुमची सवय लावलीत का?"

दीनानाथांचा चेहरा पडला. पण जातिवंत सरकारी माणूस, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवलेली. कपाटातून वही काढून त्यांनी पान उघडलं आणि खाली मान घालून वाचलं, "अनुक्रमांक सतरा. वीज वाचवण्यासाठी माऊस बंद करण्याची कंप्युटरला परवानगी. दिली."

"का?"

"त्याचा दिवा जळत होता. तू नुसती बसली होतीस."

"नुसती बसले नव्हते, विचार करत होते," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मी नुसती बसलेली दिसले की तुम्ही दिवा घालवत आलात. विचार करायलाही उजेड लागतो हो!"

दीनानाथ टेबलाखाली शिरले, माझी वायर काढून लावली, बाहेर आले. त्या दिवशी प्रथमच त्यांचं डोकं आपटलं नाही. बाईंनी मला हातात घेतलं. वहीत लिहिल्या वाटेने एकेक चौकट उघडत गेल्या. शेवटच्या चौकटीत, माझ्या नावापुढे, एक इवलीशी खूण होती. माझं सगळं दुखणं तेवढ्यात होतं! बाईंनी ती माझ्याच बटणाने पुसली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "परवानगी रद्द."

दीनानाथांनी लिहिलं, तारीख घातली, सही केली.

मग बाई लिहायला बसल्या. थांबल्या, छताकडे पाहिलं, पूर्ण तीन मिनिटं पाहिलं, आणि मी टक्क जागा होतो. "पातं"च लिहिलं त्यांनी. चारला चार मिनिटं कमी असताना मजकूर गेला. संध्याकाळी वृंदाताईंचा फोन आला, "इंदुमतीबाई, सोमवारपासून वॉशिंग मशीनचं पुस्तक!" दीनानाथांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. फक्त माझ्या दिव्याची भरपाई म्हणून हॉलमधला एक बल्ब काढून ठेवला.

पुढे कितीतरी यंत्रं आम्ही दोघांनी मराठीत आणली. आता मात्र वय झालंय. एकदा दाबलं तर मी दोनदा बोलतो. बाईंनी लॅपटॉप घेतलाय, त्याला माझी गरज नाही. उद्या सोसायटीत जुनं इलेक्ट्रॉनिक सामान न्यायला गाडी येणार आहे, आणि मी त्या सामानाच्या खोक्यात बसलोय.

जाता जाता एवढंच मागणं. तुमचा माऊस मेला वाटलं तर चापट मारू नका, मीठमोहऱ्या तर अजिबात नको. घरात कोणी काय काय बंद करून ठेवलंय, ते आधी बघा.

मघाशी दीनानाथ कात्री घेऊन आले होते. "वायर तेवढी कापून ठेवू का? कामाला येईल."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "अख्खाच जाऊ दे त्याला. शेपटीशिवाय बरा दिसेल का तो चारचौघांत?"