हेडसरांची सही

सूनबाई शिलाई मशीनपाशी बसली होती खरी, पण मशीन बंद आणि फोन चालू. नवऱ्याला ऑफिसने बदलीसाठी दोन गावं सुचवली होती. त्याला मोठं घर हवं होतं. हिला चिमणीची सोय हवी होती. चिमणी, तिची लेक, पावणेतीन वर्षांची. धरल्याशिवाय उभी राहत नव्हती, 'आई' म्हणत नव्हती. कापडाच्या कटिंगचा खाकी कागद घेऊन सूनबाईने मधोमध रेघ ओढली. पहिलं गाव: थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येणार, पण तिसऱ्या वाढदिवसाआधी नाव लागलं तरच. दुसरं: वयाची अट नाही, मात्र नऊ महिने थांबायचं आणि पुढे महिन्यातून एकदाच जायचं.

"आधीच्या तपासणीचा कागद लागेल," पहिल्या गावच्या उपचार केंद्रातल्या बाई फोनवर म्हणाल्या.

"तपासणी झाली होती हो, पण कागद काही आला नाही. आला नाही म्हणजे काळजीचं नाही, असं सासरे म्हणाले."

"कशाला गावभर बोभाटा?" सासूबाई मागून करवादल्या. "आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात."

पाहुणा आला की चिमणीला मागच्या खोलीत न्यायचं आणि दार लोटायचं, ही या घरची रीत. सासरे शाळेचे हेडसर ना! हजार पोरं घडवणाऱ्याच्या घरात असं मूल? छे, लोक काय म्हणतील!

दुपारी ती दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी फाईल काढली. "अहो, दीड वर्षापूर्वीच पाठवला होता कागद. उपचार लगेच सुरू करा, असं लिहून. तुमच्याच घरून नकार आला."

नकार टपोऱ्या अक्षरात होता. 'आमच्या घरातील मूल पूर्ण सुदृढ आहे. पुन्हा संपर्क करू नये.' खाली, गावातल्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर असायची तीच वळणदार सही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्ष! आपलंच काही चुकलं म्हणून ती पोरीचे पाय चोळत रडत होती आणि हा माणूस शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत होता. तिने दोन्ही कागदांच्या प्रती घेतल्या. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये हेडसरांचा निरोप समारंभ होता. चिमणीला शेजारणीकडे ठेव, असं सासूबाईंनी बजावलं होतं. ती कडेवर घेऊनच आली.

"सरांनी एकाही मुलाला मागे राहू दिलं नाही!" उपमुख्याध्यापक गहिवरून म्हणाले. टाळ्या कडाडल्या. "आता सूनबाई दोन शब्द बोलतील."

"दोन कशाला? बाबांचेच वाचते." आणि तिने तो नकार सहीपर्यंत खणखणीत वाचला. "ही चिमणी. नीट बघून घ्या, कारण ती आहे हेच तुमच्यातल्या अर्ध्यांना ठाऊक नाही. एक मूल मागे राहिलं होतं, मागच्या खोलीत."

हेडसर ताडकन उठले. "भर सभेत माझं नाक कापलंस!"

"तुम्ही हिची दीड वर्षं कापलीत, बाबा. ती कोण जोडून देणार?" तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, बदलीचा अर्ज पहिल्या गावाचा भरा. नाव उद्याच लागतंय. जमत नसेल तर आम्ही दोघी जातो. तुम्ही बाबांची अब्रू सांभाळत बसा."

नवऱ्याने मान खाली घातली आणि गुपचूप चिमणीची पिशवी उचलली.

सूनबाई स्टेजच्या पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. उपमुख्याध्यापकांची बायको. शेजारी येऊन बसलेला नवरा पदर ओढून तिला खाली बसवत होता. तिने पदर सोडवून घेतला.

"माझाही आहे एक, मागच्या खोलीत," ती म्हणाली. "चार वर्षं पूर्ण झाली त्याला. फार उशीर झाला का गं?"

सूनबाईने खाकी कागद उलगडला आणि रेघेच्या दुसऱ्या बाजूला, 'वयाची अट नाही' या ओळीवर बोट ठेवलं.