बापाचं एक अक्षर

कुरिअरवाला पाकीट देऊन गेला तेव्हा झिपरू सोनवणे धरणगावच्या घराच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. पोराचं पुस्तक आलं म्हणून त्याने घाईघाईत पाकीट दातांनी फाडलं, कव्हर पाहिलं आणि कप खाली ठेवला. काळ्या कपड्यांतला निन्जा, मागे डोंगर, आणि खाली ठळक अक्षरांत: पियुष सोनवणे. बस्स, एवढंच. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत बत्तीस वर्षं त्या दोन शब्दांच्या मधे बापाचं नाव होतं. आता तिथे बोटभर कोरी जागा होती.

झिपरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातवी शिकलेला माणूस, पण रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचणारा. त्याने चार दिवसांत पुस्तक संपवलं. जपानातल्या इगा नावाच्या मुलखातलं निन्जांचं कुळ, शेती करणारी आणि अंधारात लढणारी माणसं. नावं सगळी आडनावापासून सुरू, आपल्या मतदार यादीत असतात तशी. कागेयामा नोबुहारू, कागेयामा अमुक, कागेयामा तमुक. तेही त्याने निभावून नेलं. मग तिसरं प्रकरण आलं.

नोबुहारूची तीन मुलं जन्मल्यावर लगेच गेली. चौथा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने सुपात घालून परत आणलं, आणि नाव ठेवलं सुते, म्हणजे टाकून दिलेला. मृत्यूला वाटावं की हे काही कामाचं नाही. पाच वर्षं त्याच्या केसांना कात्री लावली नाही.

झिपरूने पुस्तक मिटलं. अहो, हे त्याचंच होतं! त्याच्याआधीची तीन भावंडं गेली, म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवलं होतं. शेजारच्या वच्छलाबाईने सुपात उचलून आणला. डोक्यावर झिपऱ्या वाढवल्या आणि नावही तेच ठेवलं. कापूस वेचताना पोराला हे शंभरदा सांगितलं होतं. पोराने ते उचललं, जपानात नेऊन ठेवलं, आणि ज्याचं होतं त्यालाच दाराबाहेर काढलं.

त्याने फोन लावला. "मनं नाव कोठे शे?"

"आबा, कव्हरवर दोनच शब्द बरे दिसतात. हल्ली सगळे तसंच लिहितात."

"सगळासना बाप उकिरडावर पडेल व्हता का?"

पियुष जळगावला पाइपच्या कंपनीत इंजिनिअर होता. आता तोही तडकला. "कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी पूर्ण नाव घेतलं आणि अख्खा वर्ग हसला. चार वर्षं मला झिपऱ्या म्हणत होते सगळे. तुम्हाला काय कळणार आबा!"

"तुले चार वर्षं म्हणत. माले सहासष्ट वर्षं म्हनी राहिनात," असं म्हणून झिपरूने फोन बंद केला.

झिपरूची बायको पुष्पाबाई आत पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकलं. नवऱ्याचं नाव निघालं की ती गप्पच बसे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर चाळीस वर्षांत तिने ते नाव उच्चारलं नव्हतं. रेशनच्या रांगेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती कार्ड पुढे सरकवायची. दवाखान्यात विचारलं तर सुनेला, मयुरीला, कोपराने ढोसायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या सासूने सांगितलं होतं, आणि तिने ते गाठीशी बांधलं होतं.

रविवारच्या पुस्तकप्रकाशनाला जायचं नाही असं झिपरूने जाहीर केलं. रविवारी मात्र तो सकाळी सातलाच दाढी करून, इस्त्रीचं धोतर नेसून तयार! "आपले फक्त देखनं शे, तो काय बोलस ते," असं त्याने बायकोला बजावलं.

जळगावच्या वाचनालयाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. मयुरीने दोघांना तिसऱ्या रांगेत बसवलं. पाहुणे म्हणून पियुषच्या कॉलेजातले हितेंद्र सर आले होते. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. त्यांनी पुस्तकाची दहा मिनिटं स्तुती केली आणि मग चष्मा काढला.

"आडनाव आधी लिहिलंत, ते बरोबर. पण मला सांगा, कोणती आई आपल्या लेकराला 'टाकून दिलेला' म्हणेल? इथे लेखकमहाशयांची कल्पनाशक्ती जरा घसरली!"

हॉल हसला. पियुष माइककडे आला. "सर, जपानात ही पद्धत खरंच होती. मोठमोठ्या घराण्यांतही मुलांना असं नाव ठेवायचे."

"मान्य. पण हा उकिरडा, हे सूप, हे वाढवलेले केस? इतके बारकावे आणलेत कुठून? संदर्भ काय?"

झिपरू खुर्चीत पुढे सरकला. पियुषने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, बापाची आणि त्याची नजरानजर झाली. आता म्हणेल, झिपरूला वाटलं. एवढंच म्हण रे बाबा, की संदर्भ तिथे बसलाय. कव्हर गेलं खड्ड्यात, मी सगळं विसरतो.

"इंटरनेटवर बराच अभ्यास केला, सर," पियुष म्हणाला.

झिपरूच्या मनात राग तर होताच, पण खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं, आणि त्याचा त्याला आणखी राग आला.

भाषणं संपली. टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा मांडला, सहीसाठी रांग लागली. झिपरू आपली प्रत घेऊन रांगेत उभा राहिला. पुष्पाबाई त्याच्या मागे. पियुष मान खाली घालून भराभर सह्या करत होता. पुढ्यात आलेलं पुस्तक उघडून त्याने विचारलं, "कुणाच्या नावे लिहू?"

"झिपरू."

पियुषने झटकन वर पाहिलं. "आबा, इथे नको. घरी बोलू." आणि त्याने चटकन लिहिलं: आबांस, सप्रेम.

"मी तुले नाव सांगं, झिपरू."

"जपानात मोठ्यांचं खरं नाव घेत नाहीत आबा. मान असतो तो."

"हाई जपान नही, जळगाव शे." झिपरूने टेबलावरचं दुसरं पेन उचललं. पहिल्या पानावर छापलेल्या पियुष आणि सोनवणे यांच्या मधल्या कोऱ्या जागेत त्याने सातवी पास अक्षरात झिपरू असं लिहिलं. मग गठ्ठ्यातली दुसरी प्रत ओढली, तिच्यावरही लिहिलं. मग तिसरी.

"काय करताय! लोक बघताहेत!" पियुषने त्याचं मनगट धरलं.

झिपरूने हात हिसडला. "सातवा प्रकरणमा काय लिखेल शे तू? तुना सुते मोठा झाया. जपानी रिवाजनं त्याले नवं नाव भेटनं, मासानोबु. बापना नावमाधलं 'नोबु', जपानीमा एकच अक्षर, त्यामा ठेवं तू. निन्जाले बापनं अक्षर दिधं. तुना नावमा मनं काय ठेवं?"

रांग पुढे सरकेना. मागची माणसं टाचा उंचावून पाहू लागली. हितेंद्र सर चहाचा कप घेऊन टेबलापाशी आले आणि धोतरातल्या माणसाकडे पाहून म्हणाले, "काय पियुष, हे कोण?"

पियुषचा चेहरा लाल झाला. "हे... आमच्या गावाकडचे आहेत, सर."

झिपरूच्या हातातलं पेन थांबलं. त्याने टोपण लावलं, आपली प्रत काखेत मारली आणि तो जायला वळला.

पुष्पाबाई हलली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"गावाकडला नहीत त्या," ती सरांना म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "याना बाप शे. झिपरू नाव शे त्यासनं. झिपरू सोनवणे."

मयुरीने तोंडावर हात नेला. पियुष खुर्चीतून उठून उभाच राहिला. त्याने जन्मात आईच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं, आणि तिने ते का घेतलं नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आई, तू नाव घेतलंस..."

"घिधं. तू नही घेस, मंग कोन घी?" तिने गठ्ठ्यातली वरची प्रत त्याच्यापुढे आपटली. "लिख. मना देखता लिख."

पियुष खाली बसला. त्याने पेन घेतलं आणि त्या बोटभर जागेत बापाचं नाव लिहिलं. मग पुढच्या प्रतीवर. मग त्याच्या पुढच्या. कुणाकडे मान वर करून पाहायची त्याची छाती झाली नाही. हितेंद्र सरांनी कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि ते बाजूला झाले.

झिपरू दाराकडे गेलाच नाही. भिंतीशी उभा राहून तो बायकोकडे पाहत राहिला. राग अजून गेला नव्हता, पोराला त्याने माफही केलं नव्हतं. पण आपलं नाव कानाला इतकं बरं लागतं, हे त्याला सहासष्टाव्या वर्षी कळत होतं. त्याने टेबलापाशी येऊन खुर्ची ओढली, पुष्पाबाईला बसवलं आणि तो पोराला म्हणाला, "पहिल्या दहा लोकास्नी विनानावना प्रती नेल्यात. त्या बठ्ठा, दहाच्या दहा, परत मांग."