राहिलेला उपदेश

"जहाज फुटला का नाय गो अजून?" गंगुबाईने कानाशी तोंड आणून विचारलं, आणि सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरायला नव्हे.

समोर पुलपिटावर, उपदेशाच्या उंच चौथऱ्यावर उभे राहून, त्यांचे यजमान लवूमास्तर शास्त्रातल्या प्रेषित पौलाचं जहाज बुडवत होते. सलग तिसरा रविवार. तोच वारा सुटला, खलाशांनी तेच सामान समुद्रात फेकलं, चौदा दिवस कोणाच्या पोटात अन्न गेलं नाही. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं ते जांभ्या दगडाचं चर्च; बसलेल्या सतरा माणसांपैकी निम्म्यांच्या घरात कोणी ना कोणी बोटीवर नोकरी केलेलं. पहिल्या रविवारी सगळे गुंगून ऐकत होते. दुसऱ्या रविवारी वाटलं, मास्तरांच्या मनात काहीतरी असेल. तिसऱ्या रविवारी कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना. पण उठून गेलं नाही कोणी, तेवढी माणुसकी त्या मंडळीत होती.

लवूमास्तर काही पगारी पाळक नव्हेत. मिशनच्या शाळेत चौथीच्या पोरांना गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. या चर्चला कायमचा पाळक कधी मिळाला नाही. प्रभुभोजनापुरते दोन-दोन महिन्यांनी कोल्हापूरहून पाळकसाहेब एसटीने येत, बाकीचे रविवार मास्तरांच्या गळ्यात. पन्नास साली त्यांनी पवित्र शास्त्राचं पहिलं पान उघडलं आणि नेम केला: दर रविवारी दहा-पंधरा वचनं घ्यायची, आणि ओळीने घ्यायची. आवडलं ते घेतलं, अवघड ते सोडलं, असला प्रकार नाही. "पानात वाढलेलं सगळं खायचं असतं," ते म्हणत. "कारलं बाजूला सारणारा पोर आणि वचन गाळणारा उपदेशक, दोघे एकाच माळेचे मणी." वंशावळी आल्या तेव्हा त्यांनी एकूण एक नावं वाचली. देवाच्या मंडपाची मापं आली तेव्हा शाळेतला फळा आणून आकृती काढली. कुष्ठरोगाचे नियम आले त्या आठवड्यात अर्धी मंडळी घरी जाऊन अंगावरचे डाग तपासत बसली होती. लोक थट्टा करायचे, की मास्तरांची बैलगाडी मुक्कामाला पोचायच्या आत प्रभूच परत येईल. मास्तरांना ती थट्टा आवडायची.

पुलपिटावरच्या मोठ्या शास्त्रात खूण म्हणून माडाच्या झावळीची एक पाती असे. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी जुनी काढून नवी घालायची. उपदेश संपला की मास्तर स्वतःच्या हाताने ती पुढच्या वचनावर सरकवत. दिवाळीपासून ते सरकवायचं विसरू लागले होते. पाती राहिली तिथेच, आणि जिथे पाती तिथे मास्तर.

उपासना सुटल्यावर काशीराम सगुणाबाईंजवळ आला. मास्तरांचाच विद्यार्थी, आता पोस्टात होता आणि पंचकमिटीचं काम बघायचा. बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.

"काकी, राग नका मानू. मी कमिटीत पंधरवडाभर तोंड उघडलं नाय."

"बोल रे बाबा. मला काय दिसत नाही होय?"

"पुढच्या महिन्यापासनं कोल्हापूरचे पाळक दर रविवारी यायचे म्हणतायत. मास्तरांचा शेवटचा उपदेश येत्या रविवारी ठेवूया. मग त्यांना पुढच्या बाकावर बसवू, मानाने. वचन कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. पाती तुम्ही ठेवा, म्हणजे..."

"म्हणजे जहाज परत बुडणार नाही," सगुणाबाई म्हणाल्या.

घरी जाताना मास्तर खुशीत होते. "आज मंडळी फार लक्ष देऊन ऐकत होती, नाही?" त्यांनी विचारलं. "हो," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष वेगळीकडेच होतं. वचन त्यांनी निवडायचं होतं, आणि कुठलं ते निवडायला त्यांना आठवडा लागणार नव्हता. ते त्यांनी चोवीस वर्षांपूर्वीच निवडून ठेवलं होतं.

बासष्टच्या पावसाळ्यात त्यांची मालन गेली. सहा वर्षांची. सोमवारी ताप आला, घसा धरला. मंगळवारी दुपारी पाणी नाकावाटे बाहेर यायला लागलं तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या होत्या, "दवाखान्यात नेऊया का?" मास्तर म्हणाले, उद्या बघू. त्या गप्प बसल्या आणि काढा उकळायला ठेवला. दवाखाना दहा मिनिटांच्या वाटेवर होता. पोरीला पाठुंगळी मारून त्या एकट्या जाऊ शकल्या असत्या. गेल्या नाहीत. बुधवारी डॉक्टरांनी घसा बघितला, घटसर्प म्हणाले, उशीर झाला म्हणाले, आणि गुरुवारी पहाटे सगळं आटपलं.

योग म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, ओळीने चाललेला उपदेश त्याच रविवारी दावीद राजाच्या आजारी मुलावर येऊन ठेपला होता. राजाच्या हातून पाप घडलेलं, मूल आजारी पडलेलं. राजा जमिनीवर पडून राहतो, अन्नाला शिवत नाही, देवाची करुणा भाकतो. सातव्या दिवशी मूल जातं, पण राजाला सांगायचं कोणी? चाकरमाणसं आपापसांत कुजबुजतात, आणि त्या कुजबुजीवरून राजा ओळखतो. विचारतो, मूल गेलं का? मग उठतो, अंघोळ करतो, आणि वाढा म्हणतो.

सगुणाबाईंना हे सगळं पाठ होतं. दुखवट्यातल्या बाईने घराबाहेर पडू नये असं शेजारणी सांगत असताना त्या रविवारी त्या चर्चमध्ये जाऊन बसल्या. त्यांना एवढंच ऐकायचं होतं, की पाप कोणाचं. घरी विचारायची छाती नव्हती. पण पुलपिटावर चढलेला हा माणूस खोटं बोलत नाही आणि काही गाळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मास्तर चढले. शास्त्र उघडलं. थोडा वेळ पानावर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी पान उलटलं आणि पुढच्या अध्यायापासून सुरुवात केली.

मंडळीत कोणाच्या लक्षात आलं नाही. रात्री सगुणाबाईंनी विचारलं, "ते का हो गाळलंत?" मास्तर म्हणाले, "काय गाळलं?" आणि टोपी घालून बाहेर निघून गेले. त्यानंतर मालनचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. पुढे मूलही झालं नाही. चोवीस वर्षं सगुणाबाई एकच अर्थ लावत आल्या. ज्या माणसाने आयुष्यात एकच उपदेश गिळला, त्याने तो आपल्या तोंडावर बोलवेना म्हणून गिळला. दोष आपला, तो त्यांना ठाऊक आहे, आणि चांगुलपणामुळे ते बोलत नाहीत. त्या चांगुलपणाने बाई आतून जळून गेली होती. दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

शनिवारी त्या नेहमीसारख्या चर्च झाडायला गेल्या. बाकं पुसली, खिडक्या उघडल्या, आणि पुलपिटाच्या तीन पायऱ्या चढल्या. जहाजावरची पाती काढली. पानंच्या पानं मागे उलटली. अजाण माणसाला आपण फसवतोय, हे त्यांना चांगलं कळत होतं. "आता नाही तर कधीच नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि पाती दावीदाच्या आजारी मुलावर ठेवली.

रविवारी मंडळी भरून आली. शेवटचा उपदेश म्हणून पाली-पावसकडे राहणारी दोन-चार घरंही आली होती. मास्तरांनी धुतलेला कोट घातला होता. गायन झालं, आणि ते पायऱ्या चढले. शास्त्र उघडलं, चष्मा सारखा केला आणि वाचू लागले. आवाज तसाच खणखणीत, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मूल आजारी पडलं. राजा जमिनीवर निजून राहिला. घरचे वडीलधारे उठवायला आले, तो उठेना.

इथे मास्तर थांबले. त्यांनी पानावर हात ठेवला. सगुणाबाईंना ती जागा माहीत होती. आता पान उलटणार, त्यांना वाटलं.

मास्तरांनी चष्मा काढला.

"उपदेशाआधी एक विनंती आहे," ते म्हणाले. "माझी मालन घरी तापाने पडली आहे. घसा धरलाय. पाणी गिळवत नाही तिला." त्यांनी समोर बसलेल्या बायकांकडे बघितलं. "हिने मंगळवारीच सांगितलं होतं दवाखान्यात नेऊया म्हणून. मी उद्या म्हटलं. उपदेशाची तयारी व्हायची होती माझी. हिचं ऐकायला हवं होतं. चूक माझी आहे, तिची नाही. मंडळीने मालनसाठी प्रार्थना करावी."

मग मागच्या बाकावरच्या एका तरुण सुनेने शेजारणीला हळूच विचारलं, मालन कोण. शेजारीण तिच्या कानाशी लागली. गंगुबाई काशीरामकडे बघून काहीतरी पुटपुटली. काशीराम मान हलवून नको नको म्हणाला. सगळ्या चर्चभर कुजबुज झाली.

मास्तर बघत होते. या बाकावरून त्या बाकावर त्यांची नजर गेली आणि सगुणाबाईंवर येऊन थांबली.

"सगुणा," ते म्हणाले, "मालन गेली का?"

चारचौघांत त्यांनी बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. सगुणाबाई उभ्या राहिल्या. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात आलंही नाही. या जागेत खोटं बोलायचं नसतं, हे त्यांना त्याच माणसाने शिकवलं होतं.

"गेली," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"गुरुवारी. पहाटे."

"मला कोणी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले, आणि त्या मोठ्या शास्त्रावर दोन्ही हात टेकून रडू लागले. बासष्ट साली ते रडले नव्हते. माती देताना नाही, नंतरही नाही. आता सत्तर वर्षांचा तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. काशीरामने कसंबसं एक गीत धरलं. सगुणाबाई पायऱ्या चढून वर गेल्या. उपासना चालू असताना त्या पुलपिटावर बाई कधी चढली नव्हती. त्यांनी मास्तरांच्या कोपराला धरलं. "चला," त्या म्हणाल्या, "घरी जाऊया." एकेक पायरी दाखवत त्यांनी त्यांना खाली आणलं.

जे ऐकायला त्या चोवीस वर्षं थांबल्या होत्या ते मिळालं होतं. मंडळीसमोर, पुलपिटावरून. मग छातीतलं ओझं उतरायला नको होतं का? वाटभर त्या मास्तरांचा हात धरून चालत होत्या आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात येत होती. हा बिचारा स्वतःला खात बसला होता, आणि आपण त्याच्या शेजारी बसून स्वतःला खात होतो. एका पानावर जेवलो, एका छपराखाली निजलो, आणि हे एकमेकांना कळू नये. कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

घरी आल्यावर त्यांनी चुलीवर पाणी तापवलं. मास्तर मुकाट्याने अंघोळ करून आले आणि पाटावर बसले. "वाढ," ते म्हणाले. सगुणाबाईंनी भात वाढला, बांगड्याचं तिखलं वाढलं. त्यांनी पान पुसून खाल्लं, काही टाकलं नाही. मग खाटेवर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली.

सगुणाबाई उंबऱ्याशी बसून राहिल्या. परसात आंब्याचा मोहोर गळून खाली सडा पडला होता. तो झाडायचं त्यांना सुचलं नाही.

चारच्या सुमाराला मास्तर जागे झाले. चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला आणि खोलीभर बघितलं. चेहरा धुवून काढल्यासारखा स्वच्छ होता. सकाळचं काहीही त्यावर उरलं नव्हतं.

"सगुणा, मालनचा ताप कसा आहे?"

सगुणाबाई खाटेपाशी आल्या. शब्द तोंडाशी आला होता. सकाळी त्या एका शब्दाने काय केलं ते त्यांनी बघितलं होतं. आता सांगितलं तर हा माणूस पुन्हा तितकाच रडेल, उद्या विचारील, परवा विचारील, आणि मालन रोज जाईल. बासष्टच्या त्या रविवारी पानावर हात ठेवून उभे राहिलेले मास्तर त्यांना आठवले. त्यातही आठवला तो नुसता तो हात, पान उलटणारा.

"उतरला," त्या म्हणाल्या.

"घसा?"

"बरा आहे. पेज घेतली तिने आत्ताच."

"मग आता झोपली असेल."

"झोपलेय."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. पाय खाली सोडून ते चपला शोधू लागले, आणि मध्येच थांबून बोट ओठांवर ठेवलं. "मग हळू बोल," ते कुजबुजले. "उठेल ती."

"हो," सगुणाबाईही कुजबुजल्या.

त्या चहा ठेवायला आत गेल्या. पातेलं चुलीवर चढवलं, पाणी ओतलं, आणि झाकण ठेवताना त्याचा आवाज होऊ दिला नाही.